डाकसेवकाची सेवा धरणार कधी?

प्रति,
मा. केंद्रीय दळणवळण मंत्री, भारत सरकार
मा. सचिव, टपाल विभाग, नवी दिल्ली
मा. मुख्य पोस्टमास्टर जनरल, महाराष्ट्र सर्कल, मुंबई



मी टपाल खात्यातला निवृत्त माणूस. नगर आणि श्रीरामपूर, या आमच्या जिल्ह्यातल्या दोन्ही विभागांच्या उपडाकघरांत नोकरी केली, साठाव्या वर्षी सुटलो आणि तेव्हापासून दरमहा पेन्शन घेतो आहे. हे पत्र माझ्यासाठी नाही. माझ्या टेबलावर सकाळी थैली मोजून घेऊन, शाखा डाकघराच्या (बीओ) स्लिपवर सही करून जे गावोगाव निघायचे, त्या ग्रामीण डाकसेवकांसाठी आहे.

निवृत्त झालो तरी जुने सोबती भेटत राहतात. राजूरच्या बाजारात, पाथर्डीच्या स्टँडवर, श्रीगोंद्याकडच्या एखाद्या लग्नाच्या मांडवात. लांबूनच "मास्तर!" अशी हाक येते. एक जण आता एका पतसंस्थेच्या दारात रात्रपाळीला बसतो. वय सत्तरीच्या घरात, खात्यात चाळीसेक वर्षं काढलेली. एक जण दुसऱ्याच्या रानात पाणी धरायला जातो. चहा घेता घेता घरची, पोराबाळांची चौकशी होते आणि मग आवाज थोडा खाली घेऊन एक प्रश्न हमखास येतो: "आमच्या पेन्शनीचा काही कागद आला का हो, मास्तर?" मी ऑफिसात होतो म्हणजे मला ठाऊक असणार, असं त्यांना वाटतं. तो प्रश्न मी आता आपल्यापुढे ठेवतो, कारण उत्तर देण्याचा अधिकार आपला आहे.

या माणसांनी काय काम केलं, हे कागदावर दिसत नाही, म्हणून आधी ते सांगतो. आमचा जिल्हा 17,048 चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाईच्या आणि हरिश्चंद्रगडाच्या कुशीतल्या वाड्या. घाटघर-रतनवाडीकडे पावसाळ्यात चार हातांवरचं दिसत नाही. पूर्वेला पाथर्डी-शेवगावचा कोरडवाहू पट्टा. पाकिटावर पत्ता काय, तर नाव आणि "मु. पो." अमुक. घराला नंबर नाही, गल्लीला नाव नाही, निम्म्या गावाचं आडनाव एक, आणि एकाच नावाचे दोन-तीन जण. कुठलं पाकीट कुठल्या दारात जायचं हे डाकसेवकालाच माहीत. दिवाळी झाली की पाथर्डीकडची घरंच्या घरं कुलपं लावून ऊसतोडीला जातात. कोण कुठल्या कारखान्यावर गेलं, मागं म्हातारी एकटी कुणाची राहिली, रजिस्टर आलं तर कुणाच्या फोनवरून निरोप द्यायचा, हे त्याच्या डोक्यात असे. पारनेरच्या खेड्यांत मुंबईच्या मनीऑर्डरी यायच्या. त्या आईच्या हातात मोजून द्यायच्या, अंगठा घ्यायचा, आणि मुलानं खाली लिहिलेला मजकूर वाचून दाखवायचा. वाचताना आवाज कसा ठेवायचा हे कुठल्याही नियमावलीत लिहिलेलं नव्हतं.

पुढं काम बदललं, माणसं तीच राहिली. ज्यांनी आयुष्यभर शिक्का आणि लाखेचं काम केलं, त्यांच्या हातात पन्नाशीनंतर यंत्र आलं. 2018 साली इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक आली. 2020 च्या टाळेबंदीत बँकेपर्यंत जाता येत नव्हतं तेव्हा आधारच्या यंत्रावर बोट ठेवून घेऊन दारात पैसे देणारे हेच. लाडकी बहीण योजनेसाठी आधार जोडलेलं खातं हवं म्हणून बायका पोस्टात आल्या, तेव्हाही काउंटरच्या अलीकडे हेच होते.

आता खात्यानं या सेवेचा हिशेब कसा केला ते पाहा. मार्च 2024 मध्ये डाकसेवकांसाठी आर्थिक उन्नयनाची योजना जाहीर झाली. 12 वर्षं सेवा झाली की वर्षाला 4,320 रुपये, 24 वर्षं झाली की 5,520 आणि 36 वर्षं झाली की 7,200. महिन्यात मांडलं तर 360, 460 आणि 600 रुपये. म्हणजे छत्तीस वर्षं पावसापाण्यात थैली वाहिलेल्या माणसाला बारा वर्षांच्या माणसापेक्षा महिन्याला 240 रुपये जास्त. योजना आणली हे चांगलंच केलं, त्याआधी तेवढंही नव्हतं. पण अनुभवाची ही किंमत ठरवताना कुणी एखाद्या डाकसेवकासोबत दिवसभर फिरून पाहिलं होतं का, असं मला मनापासून विचारायचं आहे.

पासष्टाव्या वर्षी त्याला सेवामुक्त करतात. पेन्शन नाही. 2018 च्या आदेशानं ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा 60,000 वरून दीड लाखावर आली. डाकसेवकांसाठी नेमलेल्या कमलेश चंद्र समितीनं नोव्हेंबर 2016 च्या अहवालात पाच लाखांची शिफारस केली होती. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी हीच मर्यादा 1 जानेवारी 2024 पासून 25 लाख आहे. 2011 पासून अंशदानाची एक योजना आहे खरी, पण ज्यांची निम्म्याहून जास्त सेवा त्याआधीच होऊन गेली, त्यांच्या खात्यात शेवटी जमणार किती?

नोव्हेंबर महिन्यात मला विशेष अवघड होतं. पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. 2020 पासून ही सोय पोस्टानं घरपोच केली आहे. गावातला डाकसेवक मोबाईल आणि बोटाच्या ठशाचं यंत्र घेऊन माझ्या ओट्यावर येतो, माझं बोट त्यावर टेकवतो, "झालं मास्तर, पेन्शन चालू राहील" म्हणतो आणि पुढच्या पेन्शनरकडे जातो. निवृत्त शिक्षक, निवृत्त जवान, सगळ्यांची पेन्शन वर्षभर चालू ठेवणारा हा माणूस. सेवामुक्तीला थोडीच वर्षं उरलीत. त्यानंतर त्याच्या घरी असा दाखला घ्यायला कुणी येण्याचं कारणच नाही.

आपल्या कार्यालयाचं उत्तर मला पाठ आहे: हे अंशकालीन काम आहे, चार-पाच तासांचं. 1 जुलै 2018 पासून पाच तासांच्या डाकसेवकाला 12,000 आणि शाखा डाकपालाला 14,500 रुपये किमान भत्ता, अधिक महागाई भत्ता, मिळतो, हेही मान्य. पण तास कुठून मोजायचे? थैली एसटीनं यायची, गाडी चुकली की तो फाट्यावर उभा. बटवडा संपला की संध्याकाळी आरडीचे हप्ते, कारण लोक रानातून तेव्हाच परततात. विमा आणि बँक खात्यांची उद्दिष्टं वेगळीच. शाखा डाकपालानं पोस्टासाठी जागा स्वतःची द्यायची आणि राहायचं पोस्टाच्याच गावी. रजा हवी तर बदली माणूस आपणच शोधायचा, ही वर्षानुवर्षांची वहिवाट. म्हणून कित्येकांच्या बायकांनी आणि मुलांनी बीट फिरलं आहे. उपजीविकेचं दुसरं साधन असावं ही नियमाची अटच होती. ते साधन म्हणजे आमच्याकडे दोन-तीन एकर जिराईत.

ही पद्धत इंग्रजांच्या काळातली. गावचा शाळामास्तर किंवा दुकानदार यांना चार पैसे देऊन टपाल सांभाळायला सांगत. त्यांची पोट भरण्याची सोय दुसरीकडे होती. आता देशात अडीच लाखांवर माणसं या कामावर आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचा संसार याच पैशांवर चालतो. तरी चौकट तीच आहे.

न्यायालयाचंही सांगतो. 1977 साली राजम्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की हे लोक नागरी पद धारण करतात. 2019 साली गंडिबा बेहेरा प्रकरणात त्याच न्यायालयानं निकाल दिला की विभागीय नोकरीत उशिरा आल्यामुळे ज्यांची पेन्शनची दहा वर्षं भरत नाहीत, त्यांची आधीची डाकसेवकाची वर्षं त्यात धरता येणार नाहीत. पण नियम शिथिल करण्याचा अधिकार सरकारकडे आहे, त्या दृष्टीनं या प्रकरणांचा विचार व्हावा, हेही तिथं लिहिलेलं आहे. वीस-पंचवीस वर्षं डाकसेवक, मग परीक्षा देऊन पोस्टमन, आणि सात-आठ वर्षांनी रिकाम्या हातानं घरी, अशी माणसं प्रत्येक विभागाच्या दप्तरात सापडतील. त्यांची यादी मागवायला नवा कायदा लागत नाही.

माझी मुख्य मागणी एकच आहे. दर वेळी विभागीय नोकरांसाठी वेतन आयोग बसतो आणि डाकसेवकांसाठी वेगळी समिती: सवूर, तलवार, नटराज मूर्ती, कमलेश चंद्र. समितीचा अहवाल येतो, अर्धा मान्य होतो, तोही संपानंतर. 2018 मध्ये 22 मेपासून डाकसेवक दोन आठवड्यांहून जास्त संपावर होते, तेव्हा 6 जूनला मंत्रिमंडळाचा निर्णय झाला. डिसेंबर 2023 मध्ये ते पुन्हा रस्त्यावर आले. आता न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग बसला आहे. डाकसेवकांची सेवा, तिचे तास आणि सेवामुक्तीनंतरची तरतूद हा प्रश्न त्याच आयोगासमोर ठेवा. पैसा लागेल, खातं तोट्यात आहे, हे मी आत राहून पाहिलं आहे. पण तो तोटा भरून काढायला सर्वांत कमी पगाराचा माणूस पुरेल, असं कुठलंही गणित मला पटत नाही.

तोवर करण्यासारखं एक छोटं काम आहे. नवी मुलं दहावीच्या गुणांवर ऑनलाइन निवडली जातात. हुशार असतात, पण पुष्कळदा परजिल्ह्यातली. वाड्या माहीत नाहीत, माणसं माहीत नाहीत. मग सेवामुक्त झालेला म्हातारा स्वतःहून नव्या मुलाच्या गाडीवर मागं बसतो आणि दारं दाखवत फिरतो. काठी टेकत असं फिरणारे मी पाहिले आहेत. त्याबद्दल कुणी काही मागत नाही, कुणी काही देतही नाही. जुना जाण्याआधी महिनाभर नव्याला त्याच्यासोबत ठेवा आणि त्या महिन्याचा पूर्ण भत्ता दोघांनाही द्या. हा आदेश दिल्लीहून एका परिपत्रकानं निघू शकतो.

येत्या वर्षी आमच्या जिल्ह्यातले किती डाकसेवक पासष्टी पूर्ण करत आहेत, याची यादी दोन्ही विभागांच्या अधीक्षकांकडे जन्मतारखांसह तयार असते. निर्णय त्यांच्या शेवटच्या दिवसाआधी व्हावा आणि जे आधीच घरी गेले त्यांनाही तो लागू व्हावा, ही विनंती. उत्तर टपालानं पाठवलं तर ते मी बाजारच्या दिवशी राजूरला स्वतः वाचून दाखवीन.

कळावे,
आपला,
एक निवृत्त उपडाकपाल,
अहिल्यानगर जिल्हा