हें चित्र कशाचें ?

गेल्या महिन्यांत आमच्या कबनूरच्या घरीं एक लहानसा वाद उद्भवला. थोरल्या नातीनें एक चित्र काढून माजघराच्या भिंतीस टेकून ठेविलें. कागदभर गढूळ तपकिरी रंग, त्यांत एक आडवी काळसर रेघ, आणि उजव्या कोंपऱ्यांत कडुनिंबाचा शेंडा. तो मात्र पानें मोजून घ्यावींत इतका हुबेहूब. मीं सवयीनें विचारलें, "हें कशाचें चित्र ?" ती म्हणाली, "आजोबा, तुम्हीच ओळखा." सूनबाई म्हणाल्या, "बारावीनंतर हेंच शिकावयास कलाशाळेंत जाईन म्हणते. तुम्हीच कांहीं तरी सांगा तिला."

सुज्ञ वाचकांच्या घरींही असा प्रसंग केव्हां ना केव्हां येतोच; म्हणून त्याचा विचार येथें करितों.

आम्हां कोल्हापूरकरांची दृष्टि यथार्थ चित्रांवर पोसलेली. आबालाल रहिमान व बाबूराव पेंटर यांची कीर्ति ऐकत आम्ही वाढलों. वस्तूसारखी वस्तु दिसली कीं चित्र साधलें, अशी आमची समजूत. परंतु वात्स्यायनसूत्रांवरील जयमंगला टीकेंत चित्राचीं सहा अंगें सांगितलीं आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. सादृश्य हें त्यांपैकीं केवळ एक. एका अंगासच सर्व शरीर मानणें हा आमचा दोष, शास्त्राचा नव्हे.

संगीतांत आपण ही चूक करीत नाहीं. अल्लादियाखांसाहेबांच्या घराण्याची गायकी ह्याच कोल्हापुरांत रुजली. बंदिशीस शब्द असतात, आलापास अर्थवाही शब्द नसतात; तरी "हा आलाप कशाचा ?" असें कोणी विचारीत नाहीं.

चित्रकलेंत हा मेळ घालणाऱ्या बाई म्हणजे कै. प्रफुल्ला डहाणूकर. त्यांचा जन्म १९३४ सालीं गोमंतकांत झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत शिकून १९५५ सालीं त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. १९६१ सालीं फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर त्या पॅरिसला गेल्या. मुंबईच्या भुलाभाई देसाई संस्थेंत त्यांनीं काम केलें. तेथेंच वासुदेव गायतोंडेही चित्रें काढीत. गायतोंडे रूपाचा त्याग करीत अरूपाकडे गेले. प्रफुल्लाबाईंनीं मात्र भूमि, जल व आकाश ह्यांचा हात सोडला नाहीं. त्यांच्या चित्रांत रंगाचा विस्तार असतो, आणि त्यांत क्षितिजाची चाहूल. पाहणारा त्या आधारानें आपल्याच मनांतील प्रदेशांत उतरतो. २०१४ सालीं त्या निवर्तल्या.

हें सर्व जाणूनही मी नातीचें चित्र पाहूं शकलों नव्हतों. रात्रीं मागांचा खडखडाट थोडा निवळल्यावर पुन्हां दिवा लावून चित्रासमोर बसलों, आणि एकदम उमगलें. २०१९ च्या ऑगस्टांतील पंचगंगेचा महापूर ! तेव्हां ती अकरा वर्षांची. माझा हात धरून पाण्याकडे पाहत उभी होती. पैलतीर कोठें तें दिसत नव्हतें. पाणी चढतें कीं उतरतें हें कळावयास एक कडुनिंब तेवढा होता. त्यावरून आम्हीं दृष्टि हलविली नाहीं. जेथें नजर ठरली तेथें तिनें पान न् पान रेखिलें. जेथें ठरावयास कांहींच नव्हतें, तेथें नुसता रंग.

सकाळीं मीं चिरंजीवांस सांगितलें, "पोरीचा अर्ज भरा. पोटाचा प्रश्न खरा आहे. पण तो तिच्याशीं बोलून सोडवूं, तिला गप्प करून नव्हे." त्यांनीं अर्ज भरला.

एक कबुली द्यावयाची राहिली. शालान्त परीक्षेच्या वर्षीं माझ्या धाकट्या बहिणीनें रंगांची पेटी आणिली होती. "हीं कसलीं चित्रें ? अभ्यास कर" म्हणून मीं ती कुलपांत टाकिली. परीक्षा झाली, लग्न झालें. पेटी तिनें पुन्हां मागितली नाहीं, मींही दिली नाहीं. आज ती आजी झाली आहे. परवां तिला क्षेमकुशलाचें पत्र लिहिलें, पण त्यांत पेटीचें नांव काढण्याचें धैर्य झालें नाहीं. हें मासिक तिच्या घरीं जातें, म्हणून येथें लिहितों : ताई, चूक माझी होती.