घरचा सामना, पण घर कोणाचे?

फुटबॉलमध्ये 'घरचा सामना' हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की त्यातील घर नेमके कोणाचे, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मुंबईत मात्र तो विचारावा लागतो. गिरगाव, दादर, परळ या भागांतील आम्हा फुटबॉलवेड्यांनी गेल्या वीस वर्षांत संघ बदलले, रंग बदलले, मैदाने बदलली. हे आमच्या लहरीने झाले असते तर तक्रार नव्हती. पण प्रत्येक वेळी घर मोडण्याचा निर्णय दुसऱ्या कोणीतरी घेतला आणि आम्हांला तो बातमी म्हणून कळला.

कूपरेज हे आमचे जवळचे मैदान. गिरगावातून पायी गाठता येईल असे. 1891 साली सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा येथेच नांदली. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी हा चषक नेला, आणि मुंबईकरांनी त्या पाहुण्यांच्या खेळाला मनापासून दाद दिली. स्थानिक संघ होते, पण ते टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल अशा कंपन्यांचे. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझाही अशाच संघांतून खेळला. खेळाडूला नोकरी मिळे, कंपनीला नाव मिळे. प्रेक्षकाला चांगला खेळ मिळे, पण त्या संघावर हक्क सांगण्याचे कारण त्याला कधी लाभले नाही. रोव्हर्सही 2000-01 नंतर थांबली.

तरीही माणूस जीव लावतोच. महिंद्र युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली, तेव्हा लाल रंग आपला वाटू लागला होता. 2010 मध्ये कंपनीने संघच बंद केला. 2013 मध्ये परवान्याच्या निकषांमुळे एअर इंडिया आणि ओएनजीसी हे संघ आय-लीगबाहेर गेले. 2007 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफसीच्या पिवळ्या रंगामागे उरलेले पाठीराखे गोळा झाले. कूपरेजवर कृत्रिम हिरवळीचे काम निघाले, तेव्हा या संघाचे 'घरचे' सामने काही काळ पुण्याला, बालेवाडीत झाले. 2017 मध्ये संघ आय-लीगमधून खाली घसरला आणि मग मिटलाच. सात वर्षांत चार संघ हातचे गेले.

आता उरला मुंबई सिटी. 2014 पासून दोन हंगाम नेरूळला आणि 2016 पासून अंधेरीला असे त्याचे बिऱ्हाड. परळच्या माणसाने घरच्या सामन्याला जायचे म्हणजे प्रभादेवीहून लोकल, अंधेरीला मेट्रो आणि आझादनगरला उतरून पुन्हा चाल. पण एकदा आत शिरले की शीण उतरतो. मैदान लहान, खेळ जवळ. एका टोकाला निळ्या कपड्यांतली पोरे पहिल्या मिनिटापासून उभी, ढोल थांबत नाही. चेंडू गोलखांबाला लागून परततो तेव्हा हजारो घशांतून एकच सुस्कारा निघतो, आणि शेजारचा अनोळखी माणूस आपला दंड घट्ट धरून बसला आहे हे भानावर आल्यावर कळते. टीव्हीवर खेळ अधिक स्वच्छ दिसतो हे खरे. पण हा सुस्कारा तेथे मिळत नाही.

प्रेक्षक केवळ तिकीट घेऊन खेळ पाहत नाही, तो मैदानाला घरपण देतो, असे आमचे मत आहे. 2020-21 चा हंगाम करोनामुळे गोव्यात, रिकाम्या गॅलऱ्यांसमोर झाला. मुंबई सिटीने लीगही जिंकली आणि 13 मार्च 2021 रोजी फातोर्ड्याला अंतिम सामनाही जिंकला. आम्ही घरी बसून टाळ्या वाजवल्या. आनंद खोटा नव्हता, पण लग्न परगावी आणि आपण पत्रिकेवरच अक्षता टाकाव्या, तसा तो होता. 2024 चे विजेतेपदही कोलकात्यात मिळाले.

महाराष्ट्रातच दुसरे उदाहरण आहे. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे तालमींची. सगळे खेळतात एकाच शाहू स्टेडियमवर, त्यामुळे मैदानाच्या हिशेबाने तेथे कोणताच सामना 'घरचा' नाही. आणि तरी प्रत्येक सामना घरचाच असतो, कारण संघ पेठेचा आहे. तेथील हुल्लडबाजीचे आम्ही समर्थन करणार नाही. पण मालकाने अंग काढून घेतले म्हणून तालीम एका पत्रकानिशी नाहीशी झाली, असे तेथे होत नाही.

मग लालबाग-परळच्या माणसाला संस्था चालवता येत नाहीत काय? चिंचपोकळीच्या मंडळाचा गणपती 1920 पासून बसतो, गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीचा 1893 पासून. गिरण्या बंद पडल्या, चाळींचे टॉवर झाले, पण वर्गणीची पावतीपुस्तके फाडली जातच राहिली. फुटबॉल मात्र आमच्याकडे वर्गणीतून नव्हे, पगारपत्रकातून आला, आणि पगारपत्रकाबरोबरच गेला.

व्यावसायिक संघ वर्गणीवर चालत नाही, हा आक्षेप रास्त आहे. मालकाच्या पैशावाचून गत्यंतर नाही. पण पैसा येतो तसा जातोही. सिटी फुटबॉल ग्रुपने 2019 मध्ये मुंबई सिटीचा 65 टक्के हिस्सा घेतला आणि 2025 च्या अखेरीस तो सोडला. अशा वेळी टिकते ते काय? कोलकात्यात मोहन बागानच्या नावाआधी एटीके ही अक्षरे लागली, तेव्हा पाठीराख्यांनी सतत निषेध केला आणि 2023 मध्ये ती अक्षरे गळाली. नाव आपले आहे, ही त्यांची खात्री मालकालाही मोडता आली नाही.

आमची मागणी म्हणूनच माफक आहे. अंधेरीचे क्रीडा संकुल महापालिकेचे, म्हणजे नागरिकांचे. ते संघाला देताना पालिकेने अटी घालाव्यात: नाव, रंग किंवा मैदान बदलण्यापूर्वी पाठीराख्यांच्या प्रतिनिधींचे ऐकले जाईल, आणि संघ बंद करायचा झाल्यास तो आधी त्यांना चालवायला देऊ केला जाईल. भाडेकरूलाही घर सोडण्यापूर्वी नोटीस मिळते. आम्ही तर या घराला घरपण देणारी माणसे आहोत.