‘तुम्हीच सांगा सर’

सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या शाळांत दहावीच्या पालकसभेला वडील आले, तर बरेचदा रात्रपाळी संपवून थेट येतात. मागच्या बाकावर टेकतात. पोराचे पुढे काय ठरवले, असे विचारले की उत्तर येते, ‘तुम्हीच सांगा सर, आम्हाला काय कळतंय?’ शिक्षकांच्या खोलीत त्याचा अर्थ लावला जातो: पालकांना काही पडलेलीच नाही. हा अर्थ साफ चुकीचा आहे आणि तो मुलांना महागात पडतो.

पोरांनी शिकावे म्हणूनच तर यातल्या कितीतरी कुटुंबांनी खानदेश, मराठवाडा सोडला. इच्छा आहे, वाट माहीत नाही. मोठ्या कारखान्यात कायम असलेल्या कामगाराच्या घरी डिप्लोमा, अप्रेंटिस हे शब्द जेवताना कानावर पडतात. ठेकेदाराकडच्या हेल्परच्या घरी पुढच्या महिन्याच्या कामाचाच घोर असतो. दोघांची मुले एका बाकावर, गुणही सारखे. एक पॉलिटेक्निकचा अर्ज भरतो, दुसरा ‘आयटीआय लागलं तर बघू’ म्हणतो. आयटीआय मुळीच कमी नाही. पण तिथला दोन वर्षांचा ट्रेड करून डिप्लोमाच्या आणि पुढे अभियांत्रिकी पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या संघटनांचे काम पाहून मानवशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी 2004 मध्ये मांडले होते की, आकांक्षा बाळगण्याची क्षमताही समाजात असमान वाटली गेली आहे आणि ती सरावाने वाढते. इथियोपियातल्या दोबा भागात 2010 मध्ये संशोधकांनी गावकऱ्यांना त्यांच्यासारख्याच माणसांच्या प्रगतीचे छोटे माहितीपट दाखवले. सहा महिन्यांनी पाहिले, तर ते पाहणारी घरे मुलांच्या शिक्षणावर अधिक खर्च करू लागली होती. भाषणांपेक्षा आपल्यातलाच माणूस पटतो. शिक्षकहो, तुमच्या शाळेतून आयटीआयमार्गे इंजिनिअर झालेली मुलगी किंवा मुलगा असेलच. त्यांना वर्गात बोलवा.

आणि दाखल्यांचे काम नववीतच हाती घ्या. जातीचा दाखला बहुधा मूळ गावच्या तालुक्यातून आणावा लागतो. जूनमध्ये धावपळ केली तर प्रवेशाची फेरी हुकते. मुलींच्या आयांना आवर्जून सांगा की इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात 2024-25 पासून पूर्ण सवलत आहे. पैशांअभावी शिक्षण आधी मुलीचेच थांबते.

पुढची पालकसभा कंपन्यांच्या पाळ्या बघून ठेवा आणि ‘तुम्हीच सांगा’ म्हणणाऱ्या पालकाला खरोखरच सांगा.