पाणी ओसरल्यानंतरची आपत्ती

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७४. बुडून, दरडीखाली सापडून, विजेचा धक्का लागून शेकडो माणसे दगावली. पुढे पाणी ओसरले, लोकल धावू लागल्या, शहराने सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतरच्या आठवड्यांत मात्र रुग्णालयांचे वॉर्ड तापाच्या रुग्णांनी भरले. त्यांत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने होते. पुरातून वाचलेली काही माणसे अशी तापाने गेली.

अतिवृष्टी हा धोका आहे. ती आपोआप आपत्ती होत नाही. पावसाच्या वाटेत कोण आहे आणि त्याच्याकडे सावरण्याची साधने किती, यावर जोखीम ठरते. लेप्टो हे त्याचे नेमके उदाहरण. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून हे जिवाणू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगा, खरचटलेली त्वचा किंवा डोळ्या-नाकातून शरीरात शिरतात. लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांनी, क्वचित महिनाभराने दिसतात. म्हणजे पूर बातम्यांतून नाहीसा होतो, तेव्हा त्याचे रुग्ण यायला लागतात.

हे रुग्ण कोण असतात? गमबुटाशिवाय गटारात उतरणारा सफाई कामगार, नाल्याकाठच्या वस्तीत राहणारी कुटुंबे, कोकणात भातखाचरात अनवाणी लावणी करणारे शेतकरी आणि मजूर. रोजंदारी बुडू नये म्हणून यातले अनेक जण तीन-चार दिवस औषधाच्या दुकानातून तापाची गोळी घेऊन काम रेटतात. सुरुवातीला आजार साध्या फ्लूसारखाच वाटतो. मग काहींना कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होतात, फुफ्फुसात रक्तस्राव होतो. वेळेत सुरू केल्यास स्वस्त प्रतिजैविकांनी बरा होणारा हा आजार. जीव जातो तो बहुतेकदा उशिरामुळे.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यात बचावाइतकेच महत्त्व प्रतिबंधाला आणि पूर्वतयारीला आहे. प्रत्यक्षात तयारी म्हणजे बोटी, दोर आणि मदतीचे धनादेश असेच समीकरण राहते. साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत वैद्यकीय सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, असे आवाहन मुंबई महापालिका पावसाळ्यात करते. आवाहन योग्यच आहे. पण पायाला जखम असलेल्या माणसाच्या हातात ती गोळी पोचली का, हा खरा प्रश्न. त्यासाठी पाणी ओसरल्यावर महिनाभर वस्तीत तापाचे सर्वेक्षण हवे, कामगारांना गमबूट हवेत आणि पावसाआधी कचरा उचलून उंदरांचा बंदोबस्त हवा. यातले काहीही खर्चिक नाही.

नागरिकांनी एवढे लक्षात ठेवावे: साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर महिनाभरात ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना किंवा डोळ्यांत लाली आली, तर अंगावर काढू नये. डॉक्टरांकडे जाऊन 'पाण्यातून चाललो होतो' हे न विचारता सांगावे. त्या एका वाक्याने निदान काही दिवस लवकर होऊ शकते.