तकरार दिसली की घाबरायचे कशाला?

गिटमध्ये 'कॉन्फ्लिक्ट' हा शब्द दिसला की पुष्कळांना घाम फुटतो. कुणी फोल्डर पुसून सगळे नव्याने उतरवून घेतो, कुणी सरळ 'फोर्स पुश' मारतो. हा दुसरा प्रकार माझ्या मते निव्वळ दांडगाई आहे. सर्व्हरवरच्या प्रतीवर तुमची प्रत लादली जाते आणि मधल्या काळात दुसऱ्याने घातलेली भर त्या शाखेतून नाहीशी होते.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहिले ते लिनक्सच्या कामासाठी. पण ते फक्त प्रोग्रामरांचे राहिलेले नाही. आम्ही काही शिक्षक उर्दू-मराठी शब्दसूची त्यावर ठेवतो, एका ओळीत एक शब्द. 'तकरार'पुढे एकाने आपल्या संगणकावर 'तक्रार' लिहिले. तेवढ्यात दुसऱ्या बाईंनी 'वाद, हुज्जत' लिहून पाठवूनही दिले. अशा वेळी गिट तीन प्रती ताडून पाहते: तुमची, त्यांची आणि वाटा फुटण्यापूर्वीची सामाईक. एकाच बाजूने बदललेली ओळ ते मुकाट्याने घेते. दोघांनी तीच ओळ वेगवेगळी बदलली असेल तर मात्र थांबते, दोन्ही मजकूर खुणा घालून समोर मांडते आणि निवाडा तुमच्यावर सोडते. यात बिघडले काय? उर्दूत तकरार म्हणजे हुज्जत, किंवा तेच ते पुन्हा म्हणणे. आपल्या तक्रारीला तिथे शिकायत म्हणतात. हे यंत्राला कुठून कळणार? एक फोन केला की मिटते.

म्हणून 'पुल'ची घाई नको. पुल बदल आणते आणि लगेच जोडूनही टाकते. 'फेच' नुसते आणून ठेवते, तुमच्या फाइलींना हात लावत नाही. आधी आपले काम कमिट करावे, मग फेच, मग 'डिफ' लावून फरक वाचावा आणि त्यानंतर मर्ज. गोंधळ झालाच तर 'मर्ज अबॉर्ट'ने मागे फिरता येते. पण कमिट न केलेले बदल तसेच पडून असतील तर ते जसेच्या तसे परत मिळतील याची हमी नाही.

मला खरी धास्ती वाटते ती बिनबोभाट झालेल्या मर्जची. समजा, एकाने तकरारचा अर्थ दुरुस्त केला आणि दुसऱ्याने पार खाली 'शिकायत'पुढे 'पाहा: तकरार' असे जोडले. ओळी वेगळ्या, गिटची काही हरकत नाही, आणि सूची मात्र विद्यार्थ्याला चुकीच्या दारात नेऊन सोडते. मर्जनंतर फाइल डोळ्यांनी वाचण्याला पर्याय नाही.

आपल्या लिप्यांची आणखी एक खोड आहे. 'ज़' हे अक्षर एकच चिन्ह म्हणून साठवता येते, तसेच 'ज' अधिक नुक्ता असेही. उर्दूतला 'ये' अरबी की-बोर्डवरून टाइप केला तर त्याचा कोड निराळा. शब्दाच्या मध्ये आला तर डोळ्यांना फरक कळत नाही. दोन्ही ओळी तंतोतंत सारख्या दिसतात आणि गिट म्हणते, वेगळ्या आहेत. त्या वेगळ्या असतातच. तेव्हा सूची सुरू करण्यापूर्वीच सगळ्यांनी एक की-बोर्ड ठरवून घ्यावा.