मेलेल्या कोंबडीचा हिशेब

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे ‘बर्ड फ्लू’चा देशातील पहिला उद्रेक जाहीर झाला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. पंधरा वर्षांनी, २०२१ साली, त्याच नवापुरावर तोच प्रसंग पुन्हा ओढवला. रोग आढळलेल्या ठिकाणाभोवती एक किलोमीटरच्या परिघातील निरोगी पक्षीही मारले जातात. हा इलाज निर्दय असला तरी शास्त्राला धरून आहे; त्याविषयी वाद नाही. वाद आहे तो त्याची किंमत कोणी मोजावी याविषयी.

शेजाऱ्याच्या खुराड्यात रोग शिरू नये, माणसाला बाधा होऊ नये, यासाठी एकाची धडधाकट कोंबडी मारली जाते. लाभ सर्वांचा आणि हानी एकाची, असा हा व्यवहार आहे. म्हणूनच मारलेले पक्षी आणि नष्ट केलेली अंडी व खाद्य यांच्या भरपाईचा भार केंद्र व राज्य निम्मा निम्मा उचलतात. याला औदार्य म्हणता येणार नाही. ते सरकारचे देणेच आहे.

परंतु नियमातील मेख अशी की, भरपाई सरकारने मारलेल्या पक्ष्यांची मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांची मिळत नाही. कोंबडीपालकाने रोगाची वर्दी लवकर द्यावी, हा त्यामागील हेतू रास्त आहे. मात्र त्याने वेळेवर वर्दी दिली, तरी नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जाऊन अहवाल हाती येईपर्यंत कोंबड्या मरतच राहतात. विलंब यंत्रणेचा आणि भुर्दंड कोंबडीपालकाला, हा कुठला न्याय?

अशा वेळी गरीब मनुष्य उरलेल्या कोंबड्या रातोरात विकील, नाहीतर दडवील. २००८ साली पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यात परसातल्या कोंबड्या सरकारी पथकांच्या हवाली करण्यास गावकरी नाखूश होते, आणि रोग एकामागून एक जिल्हे व्यापत गेला. गोव्याच्या बाजारात कोंबड्या व अंडी शेजारच्या राज्यांतून येतात. तिकडे दडवलेला रोग आपली हद्द ओळखणार नाही.

तेव्हा नमुना घेतला त्याच दिवशी पंचनामा करून जिवंत पक्ष्यांची संख्या नोंदवावी, रोग सिद्ध होताच तीच संख्या भरपाईला आधार धरावी आणि रक्कम महिन्याच्या आत हाती द्यावी. खजिन्यावर थोडा अधिक भार पडेल. पण कोंबडीपालकाचा विश्वास एकदा उडाला, तर रोगाची पहिली वर्दी द्यायला सरकारच्या दारी कोणी येणार नाही.