नव्या मुलींचे भवितव्य कोण ठरवते?



हॉकीच्या संघात नवी मुलगी आली की तिची मोजणी सुरू होते. ती किती वेगाने पळते, चेंडू कसा अडवते, पेनल्टी कॉर्नरला तिची ड्रॅगफ्लिक किती जोरात जाते, चौथ्या सत्रातही तिच्या पायांत दम उरतो का. मग क्रीडापानावर दोन ओळी येतात की ही मुलगी भारताची उद्याची आशा आहे. चार-पाच वर्षांनी त्याच पानावर दुसरी नावे असतात. आधीच्या मुली कुठे गेल्या, हे मात्र कोणी छापत नाही.

माझा मोजणीला विरोध नाही. ती झालीच पाहिजे, आणि आपणही ती करू या. गेल्या काही वर्षांत भारतीय महिला संघात आलेल्या मुली खरोखर गुणी आहेत. हरियाणाच्या हिसारची दीपिका घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारमधल्या राजगीरला झालेल्या आशियाई चॅम्पियन्स करंडकात तिने सर्वांत जास्त, म्हणजे ११ गोल केले. चीनविरुद्धच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोलही तिचाच. पुढच्याच महिन्यात मस्कतला ज्युनियर आशिया करंडक जिंकणाऱ्या संघातही ती होती. ओडिशाच्या सुंदरगढ जिल्ह्यातली सुनेलिता टोप्पो शाळकरी वयात मोठ्या संघात आली, आणि चेंडू पायाशी असताना समोर कोण उभे आहे याची भीती तिला वाटत नाही. आपल्या सातारा जिल्ह्यातली वैष्णवी फाळके २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात होती. त्याच जिल्ह्यातल्या ऋतुजा पिसाळने महिलांच्या पहिल्या हॉकी इंडिया लीगच्या अंतिम सामन्यात, २६ जानेवारी २०२५ ला रांचीत, ओडिशा वॉरियर्सचे दोन्ही गोल केले आणि करंडक मिळवून दिला.

उणिवाही सांगायला हव्यात. फेब्रुवारी २०२५ मध्ये भुवनेश्वरला याच संघाने नेदरलँड्सला बरोबरीत रोखून शूटआउटमध्ये हरवले, आणि जूनमध्ये हाच संघ प्रो लीगच्या तळाला राहून स्पर्धेबाहेर गेला. चमक आहे, सातत्य नाही. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये रांचीत जपानकडून एका गोलाने हरल्यामुळे पॅरिस ऑलिंपिकची वाट बंद झाली होती. म्हणजे या मुलींना वेळ लागणार आहे. माझा मुद्दा इथून सुरू होतो. वेळ कोण देणार, आणि तेवढ्या काळात त्यांना कोण सांभाळणार?

किती वेळ लागतो याचा हिशेब आपल्याकडे आहे. २०१३ मध्ये जर्मनीत ज्युनियर विश्वचषकात भारताच्या मुलींनी पहिल्यांदा कांस्यपदक जिंकले. त्या संघातल्या राणी रामपाल, वंदना कटारिया, सुशीला चानू, दीप ग्रेस एक्का, नवनीत कौर आणि नवजोत कौर २०२१ मध्ये टोकियोला होत्या. तिथे संघाने ऑस्ट्रेलियाला हरवले आणि चौथा क्रमांक मिळवला. मधे आठ वर्षे गेली. २०१६ ला रिओमध्ये हा संघ एकही सामना जिंकू शकला नव्हता. तेव्हाच कुणी त्यांच्या नावावर फुली मारली असती, तर टोकियो घडलेच नसते. त्या आठ वर्षांत त्यांना शिबिरे मिळाली, परदेशी सामने मिळाले, शास्त्रशुद्ध व्यायाम मिळाला, कित्येकींना रेल्वेची नोकरी मिळाली. त्या तर गुणी होत्याच. पण त्यांच्याइतक्याच गुणी, आणि मधेच गळालेल्या मुलींची यादी आपल्याकडे नाही.

समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात की माणसाचे मूल्यमापन त्याच्या परिस्थितीपासून तोडून करू नये. वस्तीत काम करताना हे रोज पटते. सातवीत सगळ्यांच्या पुढे पळणारी मुलगी नववीत मैदानावर दिसत नाही, तेव्हा तिचे पाय मंदावलेले नसतात. मैदानावर संडास नसतो, घरी धाकटे भावंड असते, किंवा पाहुणे बघून गेलेले असतात. निवड समितीच्या तक्त्यात यातल्या कशालाच रकाना नाही.

अन्नाचेच बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. हॉकीत पंधरा-पंधरा मिनिटांची चार सत्रे धावायची असतात. ज्या मुलीच्या रक्तात लोहच नाही ती तिसऱ्या सत्रात दमली, तर तक्त्यात लिहिले जाते, 'दमसास कमी'. तिला काय खायला मिळते हे कोणी विचारत नाही. त्याच पाहणीत २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी २३ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. ज्या वयात निवड समिती मुलीला हेरते, त्याच वयात गावही तिला हेरत असते.

आता संधीचे गणित पाहू. लीगच्या नव्या रूपातल्या पहिल्या हंगामात, २०२४-२५ मध्ये, पुरुषांचे आठ संघ होते आणि महिलांचे चार. प्रत्येक संघात किमान चार ज्युनियर खेळाडू असावेत असा चांगला नियम होता. पण हिशेब करा. नियमाने मुलग्यांना ३२ जागा मिळाल्या, मुलींना १६. खेळाडू घ्यायला पुरुष संघाजवळ चार कोटी होते, महिला संघाजवळ दोन. लिलावात सर्वांत महाग पुरुष खेळाडू ७८ लाखांना गेला, सर्वांत महाग महिला खेळाडू ३२ लाखांना. प्रेक्षक कमी म्हणून पैसा कमी, असे सांगितले जाते. पण सामने कमी, जागा कमी, प्रसिद्धी कमी, तर प्रेक्षक कुठून वाढणार? स्वयंपाकघरात बाईच्या वाट्याला उरलेले येते, त्याच हिशेबाचे हे मोठे रूप आहे.

आणि एवढे करून मुलगी वर पोचली तरी तिची जात तिच्यामागे येते. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोत उपांत्य सामना हरल्यावर हरिद्वारजवळच्या रोशनाबादला वंदना कटारियाच्या घरासमोर काहींनी फटाके उडवले आणि संघात दलित फार झाले म्हणून तिच्या घरच्यांना जातीवरून शिवीगाळ केली. त्याच ऑलिंपिकमध्ये तिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. पुढे ३२० आंतरराष्ट्रीय सामने खेळून ती २०२५ मध्ये निवृत्त झाली. तिच्या वाट्याला आलेली ही जिद्द प्रत्येक नव्या मुलीकडून गृहीत धरायची का?

सुरक्षिततेचेही तसेच. २०१० मध्ये राष्ट्रीय महिला संघातून प्रशिक्षकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार आली आणि त्याला पद सोडावे लागले. २०१३ च्या कायद्याने क्रीडासंस्था, स्टेडियम आणि क्रीडासंकुल यांना स्पष्टपणे कामाची जागा मानले. तरीही २०२३ मध्ये महिला कुस्तीगिरांना दिल्लीच्या रस्त्यावर बसावे लागले. ज्याच्या हातात निवड आहे त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचे, तर सतरा वर्षांच्या मुलीला आपले सगळे भवितव्य पणाला लावावे लागते. गुणवत्ता ओळखण्याची सत्ता आणि तक्रार दाबण्याची सत्ता एकाच हातात असेल, तर ती मुलगी गप्प बसते किंवा खेळ सोडते.

क्रीडापानांची आणखी एक सवय मला खटकते. २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत लखनौच्या मुमताज खानने ज्युनियर विश्वचषकात आठ गोल केले आणि बातम्यांत आले, 'भाजी विकणाऱ्याची मुलगी'. आईबापांच्या कष्टांचा मान राखलाच पाहिजे. पण गरिबी ही जणू खेळाडू घडवणारी तालीमच आहे अशा थाटात तिचे कौतुक झाले, की सरकारला काही करावेच लागत नाही. महाराष्ट्र सरकारने १९९६ मध्ये क्रीडा प्रबोधिनी सुरू केली. निवास, आहार, शाळा आणि प्रशिक्षण एकत्र मिळाले की खेड्यातल्या मुलीचा बाप तिला पाठवायला तयार होतो, हा या योजनेमागचा विचार योग्य आहे. अशा सोयी तालुक्यापर्यंत गेल्या, तर सातारा हा अपवाद राहणार नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की नव्या खेळाडूच्या तक्त्यात काही रकाने वाढवा. हिमोग्लोबिन किती? गुडघा दुखावला तर उपचाराचा आणि त्या काळातल्या पगाराचा खर्च कोणाकडे? शिक्षण चालू आहे का? एकविसाव्या वर्षी ज्युनियर गट संपल्यावर नोकरी कुठे? तक्रार समितीतल्या बाईचे नाव तिला माहीत आहे का? हे रकाने रिकामे असतील, तर तो शेरा मुलीवर नाही, व्यवस्थेवर आहे.

आणि हे काम फक्त दिल्लीचे नाही. आपल्या गावातल्या, तालुक्यातल्या मैदानावर या महिन्यात एकदा जाऊन या. किती मुली येतात, कोणत्या वयानंतर येत नाहीत, संडासाला कुलूप आहे का, संध्याकाळी दिवे लागतात का, प्रशिक्षक कोण, तक्रार कोणाकडे करायची, हे त्या मुलींनाच विचारा. जे कळेल ते आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात ते छापू आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांसमोर तुमच्यासह घेऊन जाऊ.